जेलन हर्ट्स अलाबामात थांबला तो निष्ठेपायी की हिशेबाने?

चौथा_डाउन (धागाकर्ता)

फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जिंकला, हर्ट्स सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तेव्हापासून त्याच्या कॉलेजच्या दिवसांची गोष्ट परत फिरायला लागली आहे. आमच्या ऑफिसात तर ती एका ट्रेनिंगच्या स्लाइडवर आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात:

२०१६ साली ह्यूस्टनजवळचा हा मुलगा अठराव्या वर्षी अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक झाला. शाळेतून थेट आलेल्या पोराने तिथे पहिल्याच हंगामात ती जागा मिळवणं ३२ वर्षांत घडलं नव्हतं. दोन हंगामांत सुरुवातीपासून खेळलेल्या २८ सामन्यांपैकी २६ जिंकले. तरीही ८ जानेवारी २०१८ ला अटलांटात, जॉर्जियाविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात संघ ०-१३ असा मागे असताना प्रशिक्षक निक सेबननी मध्यंतरात त्याला बसवलं आणि टुआ टॅगोवायलोआ ह्या हवाईच्या नवख्या डावखुऱ्या पोराला उतरवलं. टुआने जादा वेळेत सामना २६-२३ असा काढला. पुढच्या हंगामात जागा टुआचीच. हर्ट्स मात्र कॉलेज सोडून गेला नाही, वर्षभर राखीव म्हणून राहिला. स्लाइडवर ह्याच्या खाली 'निष्ठा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं.

मला ही निष्ठा काही दिसत नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पदवी न घेता दुसऱ्या कॉलेजात गेलं की फुटबॉलमध्ये एक वर्ष घरी बसावं लागायचं. पदवी हातात असेल तर लगेच खेळता यायचं. हर्ट्सची पदवी डिसेंबर २०१८ मध्ये पूर्ण होणार होती. मग २०१८ च्या जानेवारीत उठून जाण्यात काय फायदा होता? थांबला, पदवी घेतली, ओक्लाहोमाला गेला. हुशार मुलगा, हिशेब पक्का. आज हेच घडलं असतं तर तो आठवडाभरही थांबला नसता असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि सेबननी त्याला बसवलं ते बरोबर होतं का?

खडूस_काका

स्लाइड बनवणाऱ्याने एकही सामना पाहिलेला नसतो. बाकी चालू द्या.

ह्यूस्टनची_मावशी

जेलनचं गाव चॅनलव्ह्यू आमच्यापासून फार लांब नाही. ह्यूस्टनच्या पूर्वेला, शिप चॅनलच्या काठी, रिफायनऱ्यांचा कामगार भाग. जेलनचे वडील तिथल्याच शाळेत फुटबॉलचे प्रशिक्षक होते, म्हणजे हा घरी वडिलांचा आणि मैदानात कोचचा मुलगा. शाळेत असताना पॉवरलिफ्टिंग करायचा, ५०० पौंडांचं स्क्वॉट मारायचा.

आता धागाकर्त्यांना एक सांगते. २०१८ च्या वसंतात वडिलांनी उघड मुलाखत दिली होती की जेलनला जागा मिळाली नाही तर तो कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा मोकळा खेळाडू ठरेल. म्हणजे घरात जायचा विषय झालाच होता. जायचा विचार करून मग थांबलेला आणि विचारच न करता थांबलेला, ह्यात मला पहिला मोठा वाटतो.

रविवारची_झोप

मला ह्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचायला मजा येतेय. क्वार्टरबॅक एवढा महत्त्वाचा का? आणि टुआने 'सामना काढला' म्हणजे नक्की काय केलं?

चौथा_डाउन

@रविवारची_झोप, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येऊन होते. फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो.

जादा वेळेत जॉर्जियाने आधी ५१ यार्डांवरून फील्ड गोल मारून तीन गुण घेतले. मग अलाबामाची पाळी. पहिल्याच प्रयत्नात टुआ पकडला गेला आणि १६ यार्ड मागे ढकलला गेला. आता दहाऐवजी २६ यार्ड हवे. पुढच्याच फेकीवर डेव्होंटा स्मिथला ४१ यार्डांचा टचडाउन, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपार, सहा गुण. सामना तिथेच संपला. अलाबामात 'सेकंड अँड ट्वेंटी-सिक्स' एवढं म्हटलं तरी पुरतं.

फिल्म_बघणारा

सेबननी केलं ते बरोबरच होतं, आणि ते निकालावरून म्हणत नाहीये.

मध्यंतरापर्यंत हर्ट्सचे आकडे पाहा: ८ पैकी ३ फेकी पूर्ण, २१ यार्ड. ही एका संध्याकाळची घसरण नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०१७ ला टॅम्पात क्लेमसनविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३१ पैकी १३. त्यात शेवटी त्याने ३० यार्ड पळून टचडाउन केला, दोन मिनिटं उरलेली असताना संघाला आघाडी मिळवून दिली, आणि एक सेकंद शिल्लक असताना क्लेमसनचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनने ती हिरावून घेतली. हे सगळे विसरतात. दोन मिनिटं अजून टिकले असते तर ह्या पोराची गोष्टच वेगळी झाली असती. पण पळण्यावर विसंबलेला क्वार्टरबॅक मोठ्या बचावासमोर अडकतो, हे दोन वर्षं दिसत होतं. २०१७ च्या हंगामात त्याने १७ टचडाउन पास आणि फक्त १ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेली फेक) दिलं. आकडा देखणा आहे. तो देखणा असण्याचं एक कारण असं की जोखमीची फेक तो करायचाच नाही. शंका आली की चेंडू काखेत आणि पळ.

पण दोष सगळा पोराचा नाही. आक्रमण चालवणारा, म्हणजे खेळी पुकारणारा प्रशिक्षक दर वर्षी वेगळा. २०१६ ला लेन किफिन. राष्ट्रीय अंतिम सामन्याला आठवडा असताना किफिनला निरोप आणि स्टीव्ह सार्किसियन. २०१७ ला ब्रायन डेबॉल. २०१८ ला माइक लॉक्सली. २०१९ ला ओक्लाहोमात लिंकन रायली. चार हंगामांत पाच डोकी! प्रत्येकाची भाषा वेगळी, खुणा वेगळ्या, पायांची ठेवण कशी हवी ह्याबद्दलची मतंही वेगळी. विशीच्या आतला मुलगा त्यात फेक सुधारणार कधी?

खडूस_काका

आणि गंमत म्हणजे ज्या अंतिम सामन्यात बाहेर बसवला तो जिंकलेला सामना त्या २६ विजयांत धरलाय, कारण सुरुवात त्याने केली होती. आयुष्यात असं श्रेय मलाही मिळावं.

मुलतानचा_साक्षीदार

संघ आधी की खेळाडू आधी, हा प्रश्न आपण २००४ पासून सोडवतोय. सचिन १९४ नाबाद आणि द्रविडने डाव घोषित केला तेव्हा…

खडूस_काका

नको! नको! इथे नको. त्याचे वेगळे धागे आहेत, त्यांतले निम्मे कुलूपबंद आहेत.

ह्यूस्टनची_मावशी

काका :)) पण फरक आहे हो. सचिनला पुढच्या कसोटीत खेळायला कोणी अडवलं नव्हतं. क्वार्टरबॅकची जागा एकच. गेली की गेली.

अटलांटावाला

धागाकर्त्यांचा हिशेबाचा मुद्दा मला पटत नाही, आणि तो हिशेबानेच खोडतो.

तेव्हाच्या नियमाने कॉलेजच्या खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम मिळायचे. हर्ट्सचे २०१६ आणि २०१७ असे दोन खर्च झालेले. २०१८ च्या उन्हाळ्यात नवा नियम आला: चारपर्यंत सामने खेळलात तरी तो हंगाम मोजला जाणार नाही. म्हणजे हिशेबी माणसाने काय करावं? चार सामन्यांत थोडं थोडं खेळावं, मग हात बांधून बसावं, डिसेंबरात पदवी घ्यावी, आणि दोन हंगाम शिल्लक ठेवून जिकडे हवं तिकडे जावं. सगळा देश हेच धरून चालला होता. २९ सप्टेंबर २०१८ ला लुइझियानाविरुद्ध हर्ट्स पाचव्या सामन्यात उतरला. तिथे एक अख्खा हंगाम गेला. जाणूनबुजून.

आता तोच आठवडा क्लेमसनमध्ये पाहा. तिथला क्वार्टरबॅक केली ब्रायंट, आदल्या वर्षी संघाला प्लेऑफपर्यंत घेऊन गेलेला. चार सामने झाले, ट्रेव्हर लॉरेन्सला जागा दिली गेली, ब्रायंट दप्तर आवरून निघाला. नियमात बसत होतं, त्याला दोष देत नाही. पुढच्याच सामन्यात, त्याच २९ सप्टेंबरला, सिरॅक्यूजविरुद्ध लॉरेन्सला दुखापत झाली आणि चेस ब्राइसने कसाबसा २७-२३ असा सामना वाचवला.

आणखी एक. १ जानेवारी २०१८ च्या शुगर बोलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, अलाबामाने क्लेमसनला २४-६ हरवलं तेव्हा समोरासमोर कोण होते? हर्ट्स आणि ब्रायंट. नऊ महिन्यांत दोघांचीही जागा गेलेली. एकाने वर्ष वाचवलं, दुसऱ्याने ओतलं. आता बोला.

फिल्म_बघणारा

हा मुद्दा जबरदस्त आहे. ब्रायंटचा संदर्भ डोक्यातच आला नव्हता.

चौथा_डाउन

@अटलांटावाला, वजनदार आहे, मान्य. पण हिशेब फक्त हंगामांचा नसतो. टुआचा खेळ असा होता की तो दुखापतग्रस्त होईल हे कोणालाही दिसत होतं. राखीव खेळाडूला उतरायची संधी येणारच होती, आणि ती देशातल्या सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या संघात येणार होती. व्यावसायिक संघांच्या निवड समित्या बघत असताना 'मी वर्ष वाचवून बसलोय' हे दिसणं त्याला परवडलं असतं का?

ह्यूस्टनची_मावशी

म्हणजे थांबला तर हिशेबी, गेला असता तर व्यवहारी. काहीही केलं तरी पोरगं मनाने काही करतच नाही का?

आणि तो संत म्हणून थांबला असंही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पत्रकारांसमोर त्याने सरळ सांगितलं होतं की अख्ख्या वसंतात कोणीही, अगदी प्रशिक्षकांनीही, मला काय वाटतं हे विचारलं नाही. प्रशिक्षकाबद्दल असं चारचौघांत बोलणं सेबनच्या संघात चालत नसे. मुलगा दुखावलेला होता, चिडलेला होता, आणि तरी सरावाला जात होता. स्लाइडवर हे का येत नाही?

आळशी_उंट

कारण स्लाइडवर जागा कमी असते. (दिवा घ्या)

रविवारची_झोप

मग त्याला संधी मिळाली का शेवटी? सस्पेन्स ठेवू नका.

अटलांटावाला

मिळाली तर! १ डिसेंबर २०१८, एसईसी ह्या अलाबामा-जॉर्जियाच्या विभागाचा अंतिम सामना. मैदान तेच अटलांटाचं मर्सिडीज-बेंझ, प्रतिस्पर्धी तोच जॉर्जिया. आम्ही एका मित्राकडे जमलो होतो, निम्मे जॉर्जिया टेकवाले, त्यांना दोन्ही संघ हरायला हवे होते. चौथ्या सत्रात अलाबामा २१-२८ असा मागे, आणि टुआचा घोटा गेला. हर्ट्स आला. आधी जेरी जूडीला १० यार्डांचा टचडाउन पास, बरोबरी. मग शेवटच्या मिनिटाच्या आसपास स्वतः १५ यार्ड पळून दुसरा. ३५-२८. एकूण ९ पैकी ७ फेकी. सामन्यानंतर मुलाखतीत सेबनचे डोळे भरून आले होते. सेबन! ज्या माणसाला जिंकल्यावर डोक्यावर पाणी ओतलेलंही आवडायचं नाही.

त्या दोन टचडाउनच्या मधली खेळी मात्र विसरू नका. बरोबरी असताना जॉर्जियाने पंटचं (चेंडू लाथेने लांब मारून प्रतिस्पर्ध्याला देण्याचं) नाटक करून फसवा डाव टाकला, चेंडू दिला जस्टिन फील्ड्स नावाच्या पहिल्या वर्षाच्या राखीव क्वार्टरबॅकला, आणि तो पकडला गेला. म्हणून हर्ट्सला मैदान जवळ मिळालं.

आळशी_उंट

अवांतर: टेलगेटिंगला (सामन्याआधी पार्किंगमध्ये गाडीमागे चालणाऱ्या खाण्यापिण्याला) कोणी साबुदाण्याची खिचडी नेलीय का? आमच्याकडे एकदा नेली होती. शेजारच्या गाडीवाल्या आजोबांनी तीनदा घेतली आणि वर बार्बेक्यू सॉस ओतला.

ह्यूस्टनची_मावशी

शिव शिव.

लाल_मिरची

ओक्लाहोमाच्या बाजूने कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. तेव्हा मी नॉर्मनमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या गावात, मास्टर्स करत होतो. सामन्याच्या शनिवारी गावात चालायला जागा नसायची. आमच्याकडे आधीचे दोन क्वार्टरबॅक, बेकर मेफिल्ड २०१७ ला आणि कायलर मरे २०१८ ला, दोघेही हाइजमन करंडकवाले (वर्षातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू), आणि दोघेही दुसऱ्या कॉलेजातून आलेले. तिसरा येतोय म्हटल्यावर लोक 'हा पळणारा आहे, रायलीच्या पद्धतीत बसेल का' म्हणून नाक मुरडत होते.

ह्यूस्टनविरुद्ध पहिलाच सामना: ३३२ यार्ड फेकून, १७६ यार्ड पळून, सहा टचडाउन. नाकं सरळ झाली. वर्षअखेर ३८५१ यार्ड आणि ३२ टचडाउन पास, शिवाय पळून १२९८ यार्ड आणि २० टचडाउन. अलाबामात ६० टक्क्यांच्या आसपास फेकी पूर्ण व्हायच्या, इथे जवळपास ७०. नोव्हेंबरात बेलरविरुद्ध ३-२८ असे मागे होतो, माझ्या रूममेटने टीव्ही बंद करून भांडी घासायला घेतली, आणि आम्ही ३४-३१ जिंकलो. त्याला आजपर्यंत ऐकवतो.

फिल्म_बघणारा

आकड्यांना मीठ लावून घ्या. ओक्लाहोमाच्या बिग ट्वेल्व्ह विभागातले बचाव तेव्हा एसईसीच्या तोडीचे नव्हते. रायलीच्या पद्धतीत पहिला खेळाडू मोकळा सापडतोच. पण एक खरं सुधारलं: तो चेंडू सोडायला लागला. सीडी लॅम्बसारखा खेळाडू समोर असेल तर झाकलेल्यालाही फेकावं, हा विश्वास अलाबामात नव्हता.

बाकी परीक्षा २८ डिसेंबर २०१९ ला झाली. उपांत्य सामना, लुइझियाना स्टेट (एलएसयू) कडून ६३-२८ अशी हार. त्यांच्या जो बरोने पहिल्या अर्ध्यातच सात टचडाउन पास दिले. मैदान? पुन्हा अटलांटाचं तेच. म्हणजे ज्या छपराखाली बसवला गेला, त्याच छपराखाली परत आला, आणि त्याच छपराखाली कॉलेजची कारकीर्द चिरडून संपली. ही तिसरी फेरी कोणी सांगत नाही, कारण ती गोष्टीत बसत नाही.

अटलांटावाला

त्या सामन्यात हर्ट्सचा काय दोष? आमचे बचावपटू बरोच्या मागे धावताना हरवले होते म्हणा हवं तर.

लाल_मिरची

'आमचे' कधीपासून? :)) जखमेवर मीठ नको, फिल्मसाहेबांनी आधीच आणलंय.

फिल्म_बघणारा

त्या वर्षीच्या हाइजमनचे पहिले तीन पाहा: बरो, हर्ट्स, फील्ड्स. बरो ओहायो स्टेट सोडून आलेला, हर्ट्स अलाबामा सोडून, आणि फील्ड्स तोच, वर अटलांटावाल्यांनी सांगितलेल्या फसलेल्या पंटचा, जॉर्जिया सोडून ओहायो स्टेटला गेलेला. देशातले तीन सर्वोत्तम क्वार्टरबॅक आणि तिघेही पहिल्या कॉलेजात टिकले नाहीत. ज्या ट्रान्सफर पोर्टलला (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीला) आज सगळे शिव्या घालतात ते ऑक्टोबर २०१८ पासूनच सुरू झालं होतं.

चौथा_डाउन

इथेच मला मूळ प्रश्नाकडे यायचंय. २०२१ पासून एकदा बिनशर्त बदलायची मुभा आली, २०२४ पासून हवं तितक्यांदा. जुलै २०२१ पासून खेळाडूला आपल्या नावावर पैसे कमावता येतात, जुलै २०२५ पासून कॉलेजं त्याला थेट पैसे देऊ शकतात. ८ जानेवारीच्या रात्री बाहेर बसवलेला, २६ विजयांचा, अवघ्या १९ वर्षांचा क्वार्टरबॅक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या वडिलांच्या फोनवर किती कॉलेजं असती? आणि समोर लाखो डॉलर ठेवलेले असताना 'थांब बाळा' असं कोणता बाप म्हणेल? म्हणून मी म्हणतो, ही गोष्ट एका मुलाच्या स्वभावाची कमी आणि २०१८ च्या नियमपुस्तकाची जास्त आहे.

ह्यूस्टनची_मावशी

गेला असता, बहुतेक गेलाच असता. आणि चुकीचं काही नसतं. आमच्या ओळखीतली मुलं इंटर्नशिप बरी मिळाली नाही म्हणून कॉलेज बदलतात, त्यांना कोणी निष्ठेचे धडे देत नाही. फुटबॉलवाल्या पोरांकडूनच का अपेक्षा? कोच मात्र करार मोडून रातोरात जातात. लिंकन रायलीच २०२१ च्या नोव्हेंबरात ओक्लाहोमा सोडून यूएससीला गेला, तेव्हा कोणी स्लाइड केली नाही.

पण पाचव्या सामन्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाहीत. नियमाने त्याला वर्ष वाचवायचा दरवाजा उघडून दिला होता. तो त्या दरवाज्याने गेला नाही.

चौथा_डाउन

मावशी, त्याचं उत्तर माझ्याकडे 'तो जिंकायला आला होता' एवढंच आहे. ह्याला निष्ठा म्हणत असाल तर म्हणा. मी खाज म्हणेन.

लाल_मिरची

खाज +१. आणि पदवीचं म्हणाल तर त्याने २०२३ मध्ये ओक्लाहोमातून मास्टर्सही पूर्ण केलं, ईगल्सशी २५ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाल्यानंतरच्या महिन्यात. मी मास्टर्स केलं तेव्हा माझ्या खात्यात किती होते ते विचारू नका.

अटलांटावाला

एक सुटलेला धागा जोडतो. सेकंड अँड ट्वेंटी-सिक्सवर टुआकडून चेंडू झेलणारा डेव्होंटा स्मिथ, ज्या झेलाने हर्ट्सची जागा गेली, तो आता ईगल्समध्ये हर्ट्सचाच रिसीव्हर (फेकी झेलणारा) आहे. न्यू ऑर्लिन्सच्या त्या सुपर बोलमध्ये हर्ट्सने त्यालाच ४६ यार्डांचा टचडाउन दिला.

रविवारची_झोप

बरं, आता मला एकच सामना बघायचा असेल तर कोणता बघू? सगळे बघणार नाही, नाव वाचा माझं.

फिल्म_बघणारा

१ डिसेंबर २०१८ चा, चौथं सत्र फक्त. खेळ शिकायचाही असेल तर टॅम्पाचा क्लेमसनविरुद्धचा पूर्ण पाहा. हरलेला आहे, पण अठरा वर्षांचं पोर मोठ्या बचावासमोर काय काय करून बघतं ते त्यात दिसतं.

लाल_मिरची

बेलरचा पण बघा. भांडी आधी घासून घ्या.